चेकडिस्क पूर्ण झाली, पण विंडोज उघडत नाही

चेकडिस्क (डिस्कवरच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड; टाइप करताना ‘सीएचकेडीएसके’) चालू असते, काळ्या पडद्यावरची टक्केवारी शंभरावर पोचते, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि निळा पडदा येतो. नाहीतर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची फेरी सुरू होते आणि संपतच नाही. अशा वेळी बहुतेक जण पुन्हा चेकडिस्क चालवतात, किंवा डिस्क दुकानात नेतात आणि तिथे ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर मिळते. दोन्हींच्या आधी करण्यासारखे बरेच आहे आणि त्याचा क्रम चुकला तर वाचण्यासारखा डेटाही जातो.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. तिरप्या रेघा, कोलन आणि मोकळ्या जागा जशा दिसतात तशाच ठेवायच्या.)

आधी चेकडिस्क नेमके काय करते ते पाहू. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते: नाव, आकार, परवानग्या आणि डेटा डिस्कवर कुठे आहे याचा पत्ता. चेकडिस्क पहिल्या टप्प्यात या नोंदी तपासते, दुसऱ्यात फोल्डरांच्या याद्या आणि तिसऱ्यात परवानग्यांच्या नोंदी. ‘/आर’ लावले तर आणखी दोन टप्पे होतात. चौथ्यात फाइलींतला डेटा वाचून पाहिला जातो आणि पाचव्यात रिकामी जागा. या सगळ्यामागचा हेतू एकच: हिशेबाची वही जुळली पाहिजे. जी नोंद जुळत नाही ती चेकडिस्क काढून टाकते. ती नोंद तुमच्या लग्नाच्या फोटोंची आहे की विंडोजच्या एखाद्या ड्रायव्हरची, हे तिच्या दृष्टीने सारखेच. फाइलीत खराब सेक्टर (डिस्कवरची न वाचता येणारी छोटी जागा) सापडला तर त्या जागी नवा क्लस्टर, म्हणजे साधारणपणे ४ केबीचा तुकडा, जोडला जातो. जुन्या तुकड्यातला मजकूर वाचता आला नसेल तर तो परत येत नाही. मग फाइलचे नाव तेच, आकार तोच, तारीख तीच, पण मधले ४ केबी निरुपयोगी. सिस्टिम फाइलीच्या बाबतीत एवढे पुरते. सही जुळत नाही आणि विंडोज ती फाइल उचलत नाही.

म्हणून ‘चेकडिस्कने फाइली खराब केल्या’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. बिघाड आधीच झालेला असतो. वीज अचानक गेलेली असते, डिस्क मरायला टेकलेली असते, डिस्क जोडणारी साटा केबल सैल असते किंवा रॅम सदोष असते. रॅमची शक्यता विशेष लक्षात ठेवावी. रॅम चुकीचे बिट देत असेल तर चेकडिस्कला डिस्कवरच्या चांगल्या नोंदीही वाईट दिसतात आणि ती त्या ‘दुरुस्त’ करते. त्यामुळे कारण कळेपर्यंत ती पुन्हा चालवणे धोक्याचे.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी विंडोज १०च्या २००४ आणि २०एच२ या आवृत्त्यांसाठी आलेल्या केबी४५९२४३८ या अपडेटनंतर काही मोजक्या कॉम्प्युटरांवर ‘चेकडिस्क /एफ’ चालवल्याने फाइल सिस्टिमच बिघडत होती आणि विंडोज सुरू होत नव्हते. तिथे दोष खुद्द सॉफ्टवेअरचा होता, आणि मायक्रोसॉफ्टने सांगितलेला उपाय होता रिकव्हरीच्या (विंडोज न उघडता येणाऱ्या दुरुस्तीच्या पडद्यावरच्या) कमांड प्रॉम्प्टवरून पुन्हा ‘चेकडिस्क /एफ’. डिस्क ठणठणीत असेल आणि विंडोज बंद अवस्थेत असेल तर दुसरी चेकडिस्क उपयोगी पडू शकते, ती अशी. पण डिस्क ठणठणीत आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे.

आधी डिस्कची तब्येत, मग विंडोज

दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) बनवा आणि बिघडलेला कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. ‘ट्राय’ निवडायचे, ‘इन्स्टॉल’ नाही. टर्मिनलमध्ये ‘स्मार्टसीटीएल -ए’ आणि डिस्कचे नाव दिले की स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेले आकडे, दिसतात (स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज आधी टाकावे लागते). विंडोजवर हेच काम क्रिस्टलडिस्कइन्फो करते. तिथले कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) असतात, त्यामुळे ‘१०’ दिसले तर ते सोळा आहेत.

फिरत्या हार्ड डिस्कवर चार ओळी पाहायच्या. ५ क्रमांकाची ओळ बदललेले सेक्टर मोजते. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी ताटकळलेले सेक्टर. १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ किंवा १९८ शून्याहून जास्त असेल तर ही डिस्क दुरुस्तीसाठी वापरायची नाही. डेटा काढायचा आणि ती बाजूला ठेवायची. १९९ ही ओळ वेगळी आहे: तिथला आकडा वाढत असेल तर संशय केबलवर घ्यावा. नवी साटा केबल लावा आणि आकडा वाढायचा थांबतो का ते पाहा. तो शून्यावर परत येत नाही, फक्त थांबतो.

डिस्क वाईट निघाली तर फाइली एकेक करून ओढत बसू नका. दर वेळी हेड इकडेतिकडे धावते आणि मरत्या डिस्कला नेमके तेच सोसत नाही. तितक्याच किंवा मोठ्या आकाराची दुसरी डिस्क लावा आणि डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रत घ्या. पहिली फेरी ‘डीडीरेस्क्यू -एफ -एन’, मग मूळ डिस्क, मग नवी डिस्क, मग मॅप फाइल (काय वाचले आणि काय राहिले याची नोंद). या फेरीत सहज वाचता येते ते सगळे आधी निघते आणि अवघड जागा मागे ठेवल्या जातात. दुसऱ्या फेरीत ‘-एफ -डी -आर३’ देऊन त्याच मॅप फाइलसह राहिलेल्या जागा तीन वेळा वाचून पाहायच्या. मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह उबुंटूत ठेवली तर रीस्टार्टबरोबर गेली. आणि एंटर दाबण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ने आकार पाहून कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी याची दोनदा खात्री करा. इथे अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे.

डिस्क चांगली असेल तर नेहमीची प्रत पुरे: युजर्स फोल्डर, टॅलीचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क. एनटीएफएस पार्टिशन ‘रीड-ओन्ली’ माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरते जोडा. उबुंटूने ‘डर्टी’ म्हणून माउंट करायला नकार दिला तरी एनटीएफएसफिक्स चालवू नका. ते नाव दुरुस्तीचे घेते, पण प्रत्यक्षात जर्नल (अपुऱ्या बदलांची नोंदवही) पुसते आणि पुढच्या बूटला चेकडिस्क लावून ठेवते.

रॅमची तपासणी याच टप्प्यावर करून घ्या. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू द्या. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चेकडिस्कने काय केले ते वाचा

हे जवळपास कोणी करत नाही, आणि निम्मे उत्तर तिथेच असते. बूटच्या वेळी झालेल्या चेकडिस्कचा अहवाल इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये, ‘विनइनिट’ या स्रोताखाली १००१ क्रमांकाने असतो. विंडोज उघडत नसेल तर विंडोज\सिस्टम३२\विनइव्हीटी\लॉग्ज मधली ‘अ‍ॅप्लिकेशन’ फाइल लाइव्ह उबुंटूवरून कॉपी करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर डबल क्लिकने उघडा. शिवाय ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपलेल्या फोल्डरात ‘चेकडिस्क’ नावाचे उपफोल्डर असते, त्यातही लॉग असतात.

‘डिलीटिंग करप्ट फाइल रेकॉर्ड सेगमेंट’ असे दिसले तर त्या नोंदीसकट फाइल गेली. ‘रिकव्हरिंग ऑर्फन्ड फाइल’ म्हणजे हरवलेली फाइल तिच्या फोल्डरात परत जोडली. ही चांगली बातमी. ‘रिप्लेस्ड बॅड क्लस्टर्स इन फाइल’ म्हणजे वर सांगितलेले ४ केबीचे नुकसान, आणि त्याबरोबर फाइलचे नावही येते. ‘रिप्लेसिंग इनव्हॅलिड सिक्युरिटी आयडी विथ डीफॉल्ट’ अशा ओळींची रांग असेल तर फाइली जागेवर आहेत, पण परवानग्या सरसकट बदलल्या गेल्या आहेत. चारही प्रकारांवर उपाय वेगळा आहे, म्हणून हे वाचन आधी.

एसएफसी का हरते

नेहमीचा सल्ला असतो ‘एसएफसी /स्कॅननाऊ’, म्हणजे विंडोजच्या सिस्टिम फाइली तपासून बदलणारी कमांड, चालवा. चेकडिस्कनंतर तो अनेकदा ‘खराब फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत’ एवढ्यावर थांबतो. कारण एसएफसी चांगली प्रत सी:\विंडोज\विनएसएक्सएस या फोल्डरातून घेते, आणि सिस्टम३२ मधली फाइल व विनएसएक्सएस मधली फाइल या बहुतेक वेळा दोन प्रती नसतातच. एनटीएफएसमध्ये एकाच डेटाला दोन नावे देता येतात, त्याला हार्ड लिंक म्हणतात. चालू कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एफएसयूटिल हार्डलिंक लिस्ट सी:\विंडोज\सिस्टम३२\कर्नल३२.डीएलएल’ टाइप करून पाहा. एकाच फाइलचे दोन पत्ते समोर येतील. डेटाचा तुकडा गेला की दोन्ही नावांखालचे गेले. एका घराला दोन दारे असली म्हणून आग लागल्यावर दुसरे घर वाचले असे होत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी डिझमने (विंडोजचा हा साठा दुरुस्त करणाऱ्या कमांडने) विनएसएक्सएस बाहेरून आणलेल्या फाइलींनी भरायचे, मग एसएफसीने सिस्टम३२ त्यावरून जुळवायचे.

विंडोज कसेबसे उघडत असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’. फाइली विंडोज अपडेटवरून येतात, त्यामुळे इंटरनेट हवे. आकडा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबल्यासारखा दिसतो. खिडकी बंद करू नका. ते संपले की ‘एसएफसी /स्कॅननाऊ’, रीस्टार्ट, आणि पुन्हा एकदा ‘एसएफसी /स्कॅननाऊ’.

उघडतच नसेल तर ज्या आवृत्तीचे विंडोज आहे त्याच आवृत्तीचा मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला पेनड्राइव्ह लागतो; किमान ८ जीबीचा. त्यावरून बूट करून पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबले की कमांड प्रॉम्प्ट येतो. इथे सर्वात जास्त घोटाळा ड्राइव्हच्या अक्षरांचा होतो. रिकव्हरीत तुमचा सी: हा डी: किंवा ई: झालेला असू शकतो, आणि एक्स: म्हणजे रॅममधली तात्पुरती डिस्क. ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’, मग ‘एक्झिट’, आणि ‘डिर सी:\’ करून विंडोज फोल्डर कुठे दिसते ते पाहा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारे विंडोजचे एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधल्या डिव्हाइसच्या पानावर सापडते. विंडोज ११च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नव्याने टाकलेल्या अनेक कॉम्प्युटरांवर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते, त्यामुळे ‘मी कधी बिटलॉकर लावलेच नाही’ असे म्हणणाऱ्यांनीही ती की शोधून ठेवावी.

मग पेनड्राइव्हवरच्या सोर्सेस फोल्डरात विंडोजच्या फाइलींचा गठ्ठा इन्स्टॉल.विम नावाचा आहे की इन्स्टॉल.ईएसडी ते पाहा (मीडिया क्रिएशन टूल सहसा ईएसडी देते) आणि ‘डिझम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी’ने होम, प्रो यांचे क्रमांक काढा. तुमचे विंडोज होम असेल तर होमचाच क्रमांक द्यायचा. समजा तो १ आहे, विंडोज सी: वर आहे आणि पेनड्राइव्ह ई: आहे. सी: वर स्क्रॅच नावाचे रिकामे फोल्डर बनवा आणि द्या:

डिझम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:१ /लिमिटअ‍ॅक्सेस /स्क्रॅचडिर:सी:\स्क्रॅच

फाइल विम असेल तर दोन्ही ठिकाणी ईएसडीच्या जागी विम. स्क्रॅच फोल्डर विसरलात तर डिझम एक्स: वर काम करू पाहते आणि तिथली थोडकी जागा संपून अर्ध्यात थांबते. त्यानंतर:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

डिझमने ८००एफ०८१एफ ही चूक दिली तर त्याला हवी ती फाइल पेनड्राइव्हवर नाही. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह जुना असतो आणि विंडोजवर त्यानंतरची अपडेट्स चढलेली असतात. नवा पेनड्राइव्ह बनवून पुन्हा करा. ‘सिस्टिम रिपेअर पेंडिंग’ अशी तक्रार आली तर ‘डिझम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स’ चालवून रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा एसएफसी. चालू विंडोजमध्ये एसएफसी चालवली असेल तर कुठली फाइल दुरुस्त झाली नाही हे सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस\सीबीएस.लॉग मध्ये चौकटी कंसातल्या ‘एसआर’ या खुणेच्या ओळींत लिहिलेले असते.

एसएफसीच्या आवाक्याबाहेरचे

एसएफसी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) तपासत नाही, बूटची नोंद तपासत नाही, ग्राफिक्स किंवा प्रिंटरच्या बाहेरच्या ड्रायव्हरांना हात लावत नाही. त्यामुळे ‘कोणतीही चूक सापडली नाही’ असे उत्तर आले तरी विंडोज बंदच राहू शकते.

रजिस्ट्रीच्या मुख्य फाइली सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग मध्ये असतात: सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डीफॉल्ट. त्यांतली एखादी तुटली की सी००००१४सी ही चूक किंवा ‘बॅड सिस्टम कॉन्फिग इन्फो’चा निळा पडदा येतो. जुने लेख सांगतात की शेजारच्या रेगबॅक फोल्डरातल्या फाइली आणून टाका. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून ते फोल्डर आपोआप भरले जात नाही. त्यात बहुधा शून्य बाइटच्या फाइली असतात, आणि त्या वर चढवल्या की उरलीसुरली रजिस्ट्रीही गेली. आधी ‘डिर’ करून आकार पाहा. आकार शून्य असेल तर रिकव्हरीतून सिस्टिम रिस्टोअर निवडा. रिस्टोअर पॉइंट घेतलेला असेल तर त्यात रजिस्ट्रीची प्रत असते. पुढच्या वेळेसाठी रेगबॅक पुन्हा सुरू करता येते: रजिस्ट्रीत एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\सेशन मॅनेजर\कॉन्फिग्युरेशन मॅनेजर इथे ‘एनेबलपीरिऑडिकबॅकअप’ नावाची ३२ बिट डीवर्ड बनवून किंमत १ द्या.

बूटची नोंद बिघडली असेल तर, यूईएफआय कॉम्प्युटरवर (जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असलेल्या), डिस्कपार्टमध्ये एफएटी३२ असलेले छोटे, साधारण १०० एमबीचे पार्टिशन निवडून ‘असाइन लेटर=एस’ द्या, बाहेर या आणि ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवा. ‘बूटरेक /फिक्सबूट’च्या मागे लागू नका, यूईएफआय कॉम्प्युटरवर ते अनेकदा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून परत येते.

परवानग्या सरसकट बदलल्या गेल्या असतील तर पूर्ण सी: वर मालकी घेणाऱ्या कमांड चालवण्याचा मोह टाळा. तुमच्या स्वतःच्या फोल्डरांपुरते ‘आयकॅकल्स’ आणि ‘/रीसेट’ ठीक आहे. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्समधल्या परवानग्या हाताने परत बसत नाहीत. त्यासाठी सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे चालू विंडोजमधूनच सेटअप चालवणे: आयएसओ फाइल (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलीतली प्रत) डबल क्लिकने उघडा, सेटअप सुरू करा, ‘फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा’ निवडा. तो पर्याय दिसण्यासाठी आवृत्ती तीच किंवा नवी, एडिशन तेच आणि भाषाही तीच हवी. भारतात इथेच अडते: अमेरिकी इंग्लिशच्या विंडोजवर ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ची आयएसओ चढवली तर अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय फिकट होतो. ‘डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल’ने भाषा आधी पाहून घ्या. पेनड्राइव्हवरून बूट करून हे काम होत नाही. विंडोज निदान डेस्कटॉपपर्यंत पोचायला हवे.

तेही जमत नसेल तर ‘रीसेट धिस पीसी’, फाइली ठेवून. अ‍ॅप्स पुन्हा टाकावी लागतील. तिथे ‘क्लाउड डाउनलोड’ आणि ‘लोकल रीइन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतात. लोकल पर्याय याच डिस्कवरच्या, आधीच तुटलेल्या फाइलींवरून विंडोज बांधतो. सुमारे ४ जीबी डेटा खर्च झाला तरी क्लाउडच निवडा.

फाउंड.००० मधले

चेकडिस्कला जे कुठे जोडता आले नाही ते डिस्कच्या मुळाशी फाउंड.००० या लपलेल्या फोल्डरात पडते. जागा मोकळी करण्याच्या नादात हे फोल्डर पुसू नका. ‘डिर००००.सीएचके’सारखी नावे असतील ती अख्खी फोल्डरे आहेत. फक्त सर्वात वरचे नाव गेलेले असते, आतल्या फाइलींची नावे बहुधा शाबूत असतात. आधी तीच उघडून पाहा. ‘फाइल००००.सीएचके’ अशी नावे सुट्या फाइलींची. त्यांचा प्रकार ओळखायला हेक्स एडिटरमध्ये पहिले काही बाइट पाहायचे. एफएफ डी८ एफएफ असे सुरू होत असेल तर जेपेग फोटो. ‘%पीडीएफ’ असेल तर पीडीएफ. ‘पीके’ असेल तर झिप, किंवा नवी वर्ड वा एक्सेल फाइल, कारण त्याही आतून झिपच असतात. दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, त्या प्रतीचे एक्स्टेन्शन बदला आणि उघडून पाहा. शेकडो फाइली असतील तर फोटोरेक हा प्रोग्राम डिस्क वाचून अशाच खुणांवरून फाइली आपोआप वेगळ्या काढतो. निकाल मात्र वेगळ्या डिस्कवर घ्यायचा, कारण मूळ डिस्कवर लिहिलेली प्रत्येक नवी फाइल पुसल्या गेलेल्या एखाद्या जुन्या फाइलीच्या जागेवर बसू शकते.